दोन कानटोप्या

मी मुळात भित्रा माणूस. लहानपणी अंधाराला भ्यायचो, शाळेत मास्तरांना, लग्न झाल्यावर काही वर्षं सासऱ्यांना. पण माणसाला झोपेची भीती वाटू शकते हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि ते मला वाटाण्याने शिकवलं.

आमच्या जबलपुरात थंडी पडली की जिकडे तिकडे वाटाणा. पोह्यांत वाटाणा, भातात वाटाणा, गल्लीत उन्हाला बसलेल्या बायकांच्या ओच्यात वाटाणा. तिलवाऱ्याचा नर्मदेवरचा पूल ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की थोडं पुढे आत वळून वाटाणा गोठवण्याचा एक खासगी कारखाना होता. तिथे मी ठेकेदाराच्या हाताखाली चार हंगाम काढले. शेंगांचे ट्रॅक्टर यायचे, दाणे सोलून निघायचे, उकळत्या पाण्यातून काढून गोठवायचे आणि पिशव्यांत भरून शीतगृहात लावायचे. त्या शीतगृहाला आम्ही सगळे नुसतं 'कोल्ड' म्हणायचो. वाटाणा काही कुणासाठी थांबत नाही, आज तोडलेला उद्या गोडी सोडतो. म्हणून हंगामात कारखाना रात्रंदिवस चालायचा आणि कारखान्याबरोबर आम्हीही.

माझी नेमणूक कोल्डच्या दारावर, रात्रीच्या पाळीत. एकट्याचं काम नव्हे ते. पिशव्यांचे खोके पट्ट्यावरून येत, ते लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचायचे, चौकट भरली की ढकलगाडीने आत नेऊन लावायची. माझा जोडीदार माझ्याहून बराच लहान, पण माझ्यासारखाच घरी मराठी बोलणारा. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून आलेले. सगळ्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे आमचं जमलं. तो मला भाऊ म्हणायचा. त्याला नुकतंच मूल झालं होतं आणि राहायला एकच खोली. दिवसभर बाळ रडे, रात्री हा कामावर. त्यात बदलीचा माणूस आला नाही की ठेकेदाराचा मुकादम गोड आवाजात विचारायचा, "डबल कर लोगे?" म्हणजे रात्रपाळी संपली की त्याच कपड्यांत दिवसपाळीला उभं राहायचं. नाही म्हणण्याची सोय होती. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फाटकावरून परत पाठवण्याचीही होती.

तर झोप यायची. खोटं कशाला बोलू? पट्ट्यासमोर उभ्या उभ्या यायची. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला झोप येत नाही असं जो म्हणतो त्याने रात्रपाळी केलेली नसते.

पूर्वीचे मॅनेजर याकडे काणाडोळा करायचे. काम अडलं नाही म्हणजे झालं, असा त्यांचा हिशोब. मग नवे साहेब आले. सडपातळ, नीटनेटके, कुणावर आवाज न चढवणारे. प्रत्येकाला "भाई साहब" म्हणायचे. पायांत मऊ तळाचे बूट, त्यामुळे ते मागे येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही. आल्या आल्या त्यांनी भिंतीभिंतीवर कॅमेरे लावले आणि नियम सांगितला: झोपताना एकदा सापडलात तर फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर, दुसऱ्यांदा सापडलात तर घरी. "हम सब एक परिवार हैं," हे वर. असल्या कुटुंबात कुणी मुलगी देऊ नये.

पहिला फोटो निघाला तो दाणे निवडणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांचा. भिंतीला टेकलेले, तोंड उघडं, हनुवटीवर लाळ. त्यांचा मुलगाही तिथेच कामाला, तोही ग्रुपवर. घरी सुनेने तो फोटो पाहिला. दुसऱ्या दिवशी काका मफलरने तोंड झाकून आले आणि हंगाम संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. "निकाल देते तो अच्छा था," ते मला एकदा म्हणाले, म्हणजे कामावरूनच काढलं असतं तर बरं. मला माझं तोंड दिसायला लागलं, उघडं.

दुसरा फोटो माझ्या जोडीदाराचा निघाला. ढकलगाडीच्या दांड्यावर कपाळ टेकून उभा होता, तेवढंच. म्हणजे त्याची एक संधी संपली. पुन्हा सापडला की नोकरी गेली, आणि घरात तान्हं मूल. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, साहेबांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून मी घरी दिवसासुद्धा धड झोपेनासा झालो. दीक्षितपुऱ्यातली आमची खोली रस्त्याला लागून. खिडकीवर ब्लँकेट टांगून पडायचो, डोळा लागतो न लागतो तोच खाली हातगाडीवाला ओरडायचा, "मटर ले लो, मटर!" आणि मी ताडकन उठून बसायचो. बायको आधी हसली. म्हणाली, "काहून घाबरून राहिले? इथं कोण फोटो काढते तुमचा?" मग एकदा मी झोपेत तिचा मोबाइल हिसकावून भिंतीवर फेकला. त्यानंतर ती हसली नाही. मुलांना म्हणाली, बाबा झोपले की त्या खोलीत जायचं नाही.

पण शरीर काही ऐकत नाही. हॉलमध्ये सगळीकडे कॅमेरे, मग जायचं कुठे? यावर उपाय निघाला तो कोल्डच्याच कृपेने. हॉल आणि कोल्ड यांच्यामध्ये एक छोटी खोली होती. हॉलच्या बाजूला पत्र्याचं साधं दार, कोल्डच्या बाजूला जाडजूड दार. आत हाडं गोठवणारी थंडी, या मधल्या खोलीत तिच्या खालोखाल. तिथेही कॅमेरा होता, पण दार उघडलं की हॉलमधली वाफ आत शिरायची आणि त्याच्या काचेवर गोठून बसायची. कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय, असं आम्ही म्हणायचो. सबंध कारखान्यात साहेबांना दिसत नसलेली ती एकच जागा. शहाणा माणूस झोपायला जिथे कधी जाणार नाही, तिथे आम्ही झोपायला लागलो.

याची एक रीतच पडून गेली. एकाने आत जाऊन खोक्यावर बसायचं, दुसऱ्याने बाहेर काम ओढायचं, आणि चौकट भरली की दार वाजवून आतल्याला उठवायचं. आत जाणारा आपली कानटोपी काढून बाहेरच्याच्या डोक्यावर चढवायचा. स्वतःच्या टोपीवर दुसरी टोपी असली की डोकं तापतं, खाजतं, आणि आत आपला माणूस आहे हे विसरता येत नाही. शिवाय आतल्याचं डोकं उघडं राहिलं की त्याची झोप गाढ होत नाही. ही युक्ती कुणी काढली कोण जाणे. मला ती फार पसंत होती. डोक्यावर दोन टोप्या असल्या की मला कुणाचा तरी मोठा भाऊ असल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी जोडीदाराची डबल होती. आदल्या रात्रपाळीनंतर दिवसभरही उभा राहून तो पुन्हा रात्री माझ्याबरोबर लागला. डोळे लाल, बोलणं अडखळतं. एकदा त्याने खोका चौकटीवर ठेवायच्या ऐवजी हवेतच सोडून दिला. मी म्हटलं, "जा, बसून ये जरा." तो म्हणाला, "नाही भाऊ, आज मनात धाकधूक होऊन राहिली." मीच त्याच्या डोक्यावरची टोपी ओढून माझ्या डोक्यावर घातली आणि त्याला आत ढकललं. पत्र्याचं दार लागलं. मी खोके रचू लागलो.

चौकट अर्धीही भरली नव्हती. मागून आवाज आला, "भाई साहब, ठंड ज़्यादा लग रही है क्या?"

साहेब. हातात मोबाइल, नजर माझ्या डोक्यावर. ते हसून म्हणाले, "एक उतार दीजिए. कान इतने बंद रहेंगे तो मशीन कैसे सुनाई देगी?" मी टोपी काढली आणि खिशात कोंबली.

"और आपका जोड़ीदार?"

"बाथरूम गया है, सर," मी म्हणालो. विचार करून नाही. तोंडातून निघालंच.

"अच्छा. आने दीजिए, मिलकर जाता हूँ." असं म्हणून त्यांनी एक रिकामा खोका ओढला, पत्र्याच्या दाराला लावला, आणि दाराला पाठ टेकून बसले.

तो आत, उघड्या डोक्याने. बाहेर पडायची वाट एकच, आणि तिला साहेब टेकलेले. दुसरं दार उघडलं तर थेट कोल्ड. मी खोके रचत राहिलो. साहेब गप्पा मारू लागले, अगदी प्रेमाने. घरी कोण कोण आहे, मुलं कितवीत आहेत, मराठी लोक वाटाण्याची उसळ कशी करतात. मी उत्तरं देत होतो. खोबरं घालतात, सर. हो सर, थोडा गूळ पण. आणि मनात एकच, ऊठ, बाबा, झोपू नको, हात चोळ, पाय आपट.

चौकट भरली. आता खरं म्हणजे दार वाजवायची वेळ. साहेब म्हणाले, "भर गया. अंदर नहीं ले जाएँगे?"

"दो आदमी लगते हैं, सर. वो आ जाए तो..."

"हाँ हाँ, आने दीजिए. पेट ख़राब होगा बेचारे का." आणि ते हसले. तेव्हा मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे. आजही मला नक्की सांगता येत नाही. माहीत असून ते बसले असतील तर काय म्हणावं, आणि माहीत नसेल तर मी कुणाला वाचवत होतो?

मला एक उंदीर आठवत होता. हंगामाच्या सुरुवातीला आम्हाला कोल्डमध्ये खोक्यांच्या मागे सापडला होता, दगडासारखा टणक, डोळे उघडे. जोडीदारानेच तो शेपटीला धरून उचलला होता आणि खाली टाकल्यावर टक्कन आवाज झाला होता. तो आवाज मला पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागला. आतून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. खोकला नाही, पाय आपटल्याचा आवाज नाही, काही नाही.

बोललो तर त्याची नोकरी जाते. नाही बोललो तर तो जातो. एवढं सोपं गणित, पण मी पट्ट्यावरून येणारे खोके नुसते खाली उतरवत राहिलो. शेवटी मी हातातला खोका खाली ठेवला आणि म्हणालो, "सर, उठिए. अंदर आदमी है."

साहेब उठले. घाईने नाही. आधी त्यांनी मोबाइल सरसावला, मग दार उघडलं. मी त्यांना धक्का मारून आत घुसलो, त्यामुळे पहिल्या फोटोत माझा खांदाच आला म्हणतात. जोडीदार खोक्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, डोकं कोटाच्या कॉलरमध्ये खुपसलेलं. हाक मारली तर हलला नाही. उचलायला गेलो तर तसाच गुडघे दुमडलेला उचलला गेला. ओठ निळे. कुडकुडतही नव्हता, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. मी त्याला ओढत उकळत्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं, टोपी घातली, हात चोळत राहिलो आणि वेड्यासारखा ओरडत राहिलो, मराठीत, जे तिथे कुणालाच कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याचे दात वाजायला लागले. दात वाजलेले ऐकून मी रडलो.

साहेबांनी अँब्युलन्स बोलावू दिली नाही. माल नेणाऱ्या गाडीच्या मागच्या हौद्यात आम्हाला बसवलं. पुलावर धुकं इतकं होतं की खाली नर्मदा आहे की नाही ते दिसेना. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि मी दर थोड्या वेळाने त्याला चिमटा काढत होतो, डोळे मिटू नयेत म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, जिवाचा धोका टळला, कानांचं काय ते पुढे पाहू.

सकाळी ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, प्रबंधन की सतर्कता से सोते हुए कर्मचारी की जान बची. त्याखाली टाळ्या वाजवणारे हात. कुणीकुणी वाजवले ते मी पाहिलं नाही.

मग आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. साहेब, ठेकेदार आणि शहरातल्या ऑफिसातून आलेल्या एक मॅडम. जोडीदाराच्या दोन्ही कानांना पट्ट्या. मॅडमने विचारलं, "सो रहे थे?" तो खाली पाहत राहिला. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मी म्हणालो, मॅडम, त्याची डबल होती. ठेकेदार म्हणाला, जबरदस्ती कुणी केली होती का, त्याने स्वतः हो म्हटलं होतं. मी म्हणालो, कोल्डच्या आतल्या दाराचं रबर फाटलंय, थंडी त्या खोलीत येते, आम्ही महिन्याभरापासून सांगतोय. साहेब शांतपणे म्हणाले, "वो कमरा सोने के लिए नहीं है, भाई साहब." त्याला झोपण्याबद्दल काढलं. मला खोटं बोलण्याबद्दल आणि साहेबांना धक्का मारण्याबद्दल. फाटकावर गेटपास जमा करून आम्ही बाहेर आलो. पुढच्या हंगामात दुसरे दोघे त्याच दारावर लागले असं कळलं.

आम्हाला काढलं तो हंगाम संपल्यावर एका दुपारी मी त्याच्या घरी गेलो. तोवर मला एका शाळेत चौकीदारी मिळाली होती, दिवसाची. तो अजून रिकामाच होता. एका कानाची कड काळी पडून गळून गेली होती. बायको पाणी भरायला गेलेली, बाळ त्याच्या मांडीवर. मला त्याची माफी मागायची होती. मी म्हणालो, "मी तोंड उघडलं नसतं तर तुझी नोकरी राहिली असती. पण मला वाटलं, तू झोपेतच जाशील."

तो म्हणाला, "झोपलो कुठं होतो मी, भाऊ? जागाच होतो."

मला कळेना. "जागा होतास?"

"हौ. आत जाऊन बसलो आणि साहेब आले. मग झोप कशाची लागते? तुमचं सगळं ऐकू येऊन राहिलं होतं. पत्र्याचंच तर दार. उसळीचं बोलणं पण ऐकलं."

"मग बाहेर काहून नाही आलास? नुसतं दार वाजवायचं!"

"तुम्ही म्हणाले ना, बाथरूमला गेला. मी तिथून निघालो असतो तर तुम्ही खोटे पडले असते. माझं तर होतंच, तुमची पण नोकरी गेली असती." त्याने बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "म्हणून हललो नाही. पाय पण नाही आपटले. आवाज झाला असता."

"आणि ऑफिसात? तिथे का नाही सांगितलंस, जागा होतो म्हणून?"

"मग त्यांनी विचारलं असतं, कोणासाठी बसला होता."

मी विचारलं, "साहेब उठलेच नसते तर? सकाळपर्यंत तिथेच बसले असते तर?"

त्याने खरोखरच विचार केला. मग म्हणाला, "बसलोच असतो, भाऊ. निघणार कसा?"

त्या रात्री मी साहेबांना भ्यालो होतो. त्या दुपारी त्याच्या खोलीत बसून मला आमची, आम्हा दोघांची, भीती वाटली.